एवढंसं राहिलंय

"पोटावर की पोटाखाली?" शिंप्याने विचारलं, आणि त्याला वाटलं आपण काहीतरी भलतंच ऐकलं. शिंपी त्याच्यासमोर टेप पसरून उभा होता, पेन्सिल कानावर, एक डोळा बाहेर उभ्या केलेल्या सायकलीवर. "म्हणजे?" "म्हणजे पॅन्ट हो. पोटाच्या वर घेऊ की पोटाखालून? दोन्हीची मापं वेगळी येतात." आवाजात कुचेष्टा नव्हती. चहात साखर किती घालू असं विचारावं तितक्या सहज विचारलं होतं, आणि तेच जास्त लागलं. इतकी वर्षं हाच शिंपी, हाच डाग पडलेला आरसा, पण असलं काही त्याने कधी विचारलं नव्हतं. टेप कमरेभोवती फिरायची, आकडा पुटपुटला जायचा, झालं. कमर म्हणजे कमर. तिच्यात वरची आणि खालची अशा दोन जाती असतात हे त्याला आजच कळत होतं. "पूर्वी नाही विचारलंत कधी," तो म्हणाला. "पूर्वी पोट कुठे होतं तुम्हाला?" शिंपी म्हणाला आणि स्वतःच खुदकन हसला. "वाईट नका वाटून घेऊ. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना विचारतो मी. वर घेतली की पोट झाकतं, पण माणूस म्हातारा दिसतो. खाली घेतली की माणूस तरणा दिसतो, पोट म्हातारं दिसतं. ज्याची त्याची आवड." त्याने आरशात पाहिलं. समोरून तो बरा होता, तसा तो समोरून नेहमीच बरा असायचा. मग जरा वळून बाजूने पाहिलं, आणि कोणीतरी ओळखीचा पण नाव न आठवणारा माणूस दिसावा तसं झालं. "उद्या सांगतो," तो म्हणाला. "अहो, यात उद्या काय सांगायचं?" शिंपी टेप गळ्यात टाकत म्हणाला, "पोट तुमचंच आहे ना?"

रस्त्यावर आला तर काय, सगळे पुरुष दोन गटांत उभे! आजवर कसं दिसलं नाही कोण जाणे. बँकेच्या दारातला रखवालदार पोटावर. फळवाला पोटाखाली, इतका खाली की पट्टा कशाच्या भरवशावर थांबला होता देव जाणे. बसची वाट बघणारे दोन साहेब, एक वर, एक खाली, आणि दोघेही आपलंच बरोबर अशा थाटात. त्याला गंमत वाटायला लागली. या माणसांनी कधीतरी, एखाद्या सकाळी, ठरवलं असेल का? की पोटानेच ठरवून टाकलं, आणि माणसाला नुसतं कळवलं? पोट एका दिवसात येत नाही, पण ते येताना कोणी पाहिलंय? त्याने तरी पाहिलं नव्हतं. तो लिफ्टचा मेकॅनिक होता. सबंध आयुष्य त्याने माणसांना वर-खाली करण्यात घालवलं होतं, आणि माणसाचं वजन हा त्याच्या रोजच्या कामातला शब्द होता. लिफ्टमध्ये पाटी असते, इतकी माणसं, इतके किलो; भागाकार केला की एका माणसाला अडुसष्ट किलो येतात. शिकाऊ असताना त्याने हे पहिल्यांदा केलं तेव्हा तो बरोब्बर एक माणूस होता. आता लिफ्टच्या हिशेबात तो सव्वा माणूस झाला होता. वरचा पाव माणूस कोण? कुठून आला? कुणासारखा दिसतो? आणि इथे, फळांच्या गाडीशेजारी, त्याच्या मनात तो प्रश्न आला जो खरं तर महिनाभर दाराबाहेर उभा होता: बाबा कुठे घालायचे? वर की खाली?

महिनाभर म्हणायचं कारण असं, की लिफ्टचा मेकॅनिक सगळीकडे लिफ्टने जातो, पण शेवटचा जिना त्याला चुकत नाही. लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबते आणि तिचं यंत्र असतं त्याच्याही वर, गच्चीच्या खोलीत. तेवढा एक लोखंडी जिना, अंधारा, उभा. पूर्वी हत्यारांची पिशवी खांद्याला मारून तो शीळ घालत चढायचा. आता मध्येच थांबून भिंतीकडे बघायचा, तिला ओल आलीय का वगैरे. बरोबरचा जोडीदार, ज्याला सगळे काडी म्हणत, तो खालून म्हणायचा, "काय बघताय?" "ओल आलीय जरा." "रोज प्रत्येक इमारतीत ओल?" काडी असं म्हणून गप्प बसायचा, आणि एकदा तो गप्प न बसता सरळ त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण बाई होत्या. छाती तपासली, रक्तदाब बघितला, दोनदा बघितला, मग विचारलं, "वडील आहेत?" "नाहीत." "किती वर्षांचे होते?" त्याने सांगितलं, आणि सांगता सांगताच त्याच्या ध्यानात आलं की हे तर आपलंच वय. "कशाने गेले?" "ताटावरून उठून गेले." डॉक्टरांनी पेन थांबवलं. "म्हणजे कशाने?" "जेवताना. म्हणजे जेवता जेवता. ताटावरून उठले आणि गेले." "हो, पण ताटावरून उठणं हा आजार नाही ना. हृदय होतं, मेंदू होता, काय होतं? छातीत दुखत होतं का आधी?" त्याला सांगता येईना. त्यांच्या घरात हाच शब्द होता. आत्या म्हणायची, शेजारी म्हणायचे, आई म्हणायची: ताटावरून उठून गेले. त्याला तो पुरला होता. आणखी काही विचारायचं असतं हे त्याला वाटलंच नव्हतं. "तुमची मोठी तपासणी आपण करणारच आहोत," डॉक्टर म्हणाल्या, "पण वडिलांचं नीट विचारून या. तुमच्यासाठी ते फार महत्त्वाचं आहे. उशीर करू नका." तो हो म्हणाला आणि महिनाभर त्याने उशीर केला. तपासणीला तो घाबरत होता हे खरं, पण आईला विचारायला त्याहून जास्त घाबरत होता. कसं विचारायचं? आई, बाबा कशाने मेले? असं भात कालवता कालवता विचारायचं? आज मात्र शिंप्याने त्याच्या हातात एक बारीकशी चावी दिली होती. पॅन्टचं विचारायला कसली भीती!

"आई," घरी आल्या आल्या त्याने विचारलं, "बाबा पॅन्ट कुठे घालायचे गं? पोटावर की पोटाखाली?" आई मटार सोलत होती. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या बायकोकडे, याला काय झालं अशा अर्थाने, आणि मग एकदम हसायलाच लागली. "पोटावर! अगदी इथे." तिने हात छातीच्या जरा खाली नेला. "वर ओढून ओढून घालायचे. मी म्हणायचे, आणखी थोडी ओढा म्हणजे शर्ट लागणारच नाही." बायकोही हसली. तो मात्र उभाच राहिला. "म्हणजे बाबांना पोट होतं?" "मग? नव्हतं की काय? चांगलं होतं. तुझ्यासारखंच." त्याला धक्का बसला म्हणजे बसलाच. त्याच्या मनातले बाबा काटक होते. भिंतीवरचा फोटो छातीपर्यंतच होता, चेहरा उभट, गळ्याचं हाड वर आलेलं. आणि त्या फोटोखाली त्याने इतकी वर्षं आपल्या मनाने एक सडपातळ शरीर जोडून दिलं होतं. फोटो, आईने आता सांगितलं, लग्नाआधीचा होता. म्हणजे तो ज्याला बाबा समजत आला तो माणूस बाबा व्हायच्या आधीचाच होता. स्वतःला आलेलं पोट हा आपला खासगी निष्काळजीपणा आहे असं तो धरून चालला होता, बाबांनी न केलेली एक चूक. आणि आता कळत होतं की ते पोट घरातलंच आहे, नाकासारखं, आडनावासारखं. राग यायला हवा होता की हायसं वाटायला, त्याला ठरवता येईना. त्याला फक्त आणखी विचारावंसं वाटत होतं.

आणि मग त्याने विचारायचा धडाकाच लावला. बाबा चहा किती घ्यायचे? "मोजायचं कोणी? कपबशी वाळायचीच नाही." मीठ वरून घ्यायचे? "घास तोंडात घालायच्या आधी. चव बघायची नाही, सरळ मीठ. मी किती चिडायचे." हे ऐकताना त्याचा स्वतःचा हात मिठाच्या बाटलीवर होता. तो हात त्याने एखाद्या परक्या माणसाचा हात बाजूला करावा तसा हळूच काढून घेतला. चालायचे का? "ते? कोपऱ्यावर जायचं तरी बस बघायचे. पाणीखात्यात नकाशे काढायचे ना, दिवसभर टेबलावर वाकलेले, संध्याकाळी म्हणायचे, आता पाय पसरू दे." झोप? घोरायचे? घोरता घोरता मध्येच थांबायचे का? "थांबायचे," आई म्हणाली, "मी हाताने ढोसायचे, की पुन्हा सुरू." बायकोने हे ऐकून त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. "काय पोलीस चौकशी लावलीय सासूबाईंची?" ती नंतर स्वयंपाकघरात म्हणाली. पण तिला सगळं समजत होतं, डॉक्टरांकडचं काडीच्या बायकोकडून तिला केव्हाच कळलं होतं, आणि ती फक्त त्याने स्वतः तोंड उघडायची वाट बघत होती. आईला मात्र मजा येत होती. इतकी वर्षं तिला नवऱ्याबद्दल असलं कोणी विचारलंच नव्हतं. मेलेल्या माणसाचे गुण विचारतात, कष्ट विचारतात. तो उभा राहून खायचा की बसून, हे कोण विचारणार? ती सांगत सुटली. आणि तिच्या सांगण्यातून रोज थोडा थोडा एक माणूस घरात येऊन बसायला लागला: भराभर जेवणारा, दाढी करताना पाणी तुंबवणारा, जिन्यावर मध्येच थांबून खिडकीतून खाली बघत राहणारा. "खिडकीतून काय बघायचे?" त्याने विचारलं. "काय की," आई म्हणाली, "म्हणायचे, रहदारी वाढलीय." त्याला भिंतीवरची ओल आठवली.

एक गोष्ट मात्र बाबांची नव्हती, ती त्याची स्वतःची होती. घरातलं सगळं शेवटचं तो खायचा. भांड्याच्या तळाशी उरलेली भाजी, पातेल्याच्या कडेला लागलेला भात, मुलीने ताटात टाकलेला अर्धा बटाटा. आई पळी घेऊन यायची आणि म्हणायची, "एवढंसं राहिलंय, संपवून टाक." बायकोही लग्नानंतर वर्षभरात तेच म्हणायला लागली, कारण भांडं अडकून पडतं, आणि एवढंसं काय ठेवायचं. एवढंसं हा शब्द किती लबाड आहे हे त्याच्या आता लक्षात येत होतं. एवढंसं म्हणजे कधी एक घास, कधी पाऊण ताट. त्याला नको म्हणता येत नसे, आणि कारण त्याला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं. बाबा अर्ध्या ताटावरून उठून गेले होते. ते ताट त्याने पाहिलं होतं. सोळा वर्षांचा होता, शिकवणीहून परत आला तर दारात चपलाच चपला, आणि आत टेबलावर ते ताट: भाताचा अर्धा ढीग, त्यात बोटांनी केलेली खळगी, कडेला मीठ. तो भात त्याला आजही डोळ्यांसमोर दिसायचा. त्यानंतर घरात ताटात काही राहिलं की आईचा चेहरा बदलायचा, मग ती पळी घेऊन उभी राहायची, आणि तो संपवायचा. भूक असो नसो. बाबांचं राहिलेलं संपवतोय असं त्याने कधी शब्दांत म्हटलं नसेल, पण पोटाला ते ठाऊक होतं. भूक कशी असते, आणि ती भागली हे कुठे कळतं, हे तो विसरूनच गेला होता. जेवण थांबायचं ते भांडं रिकामं झालं की.

सुट्टीच्या दिवशी बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली होती. दुपारी टेबलाशी दोघंच, तो आणि आई. उन्हाचा चौकोन टेबलावरून सरकत सरकत तिच्या ताटापाशी आला होता. ती सावकाश जेवत होती, तिचे दात आता थोडेच उरले होते. त्याचं झालं होतं. आज त्याने मिठाला हात लावला नव्हता आणि जेवण बेचव लागलं होतं, पण घास मोजून मोजून चावताना मध्येच कुठेतरी एक बारीक, ओळखीची, फार जुनी गोष्ट पोटात हलली. त्याने कान दिला. पुरे, असं काहीतरी म्हणत होती ती. तेवढ्यात आईने पातेलं कलतं केलं, पळीने खरवडलं. "एवढंसं राहिलंय. संपवून टाक." आणि त्याने हात ताटावर आडवा धरला. "नको आई. पुरे." पळी हवेतच थांबली. "अरे, एवढंसं तर आहे." "नको. खरंच पुरे झालं." त्याला वाटलं ती रागावेल किंवा डोळ्यांत पाणी आणेल, दोन्हींची त्याने तयारी ठेवली होती. पण आईचा चेहरा रागावलेला नव्हता. घाबरलेला होता. तिने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू दारात कोणी येऊन उभं राहिलंय. "तुला छातीत दुखतंय का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. आणि मग, महिनाभर जे विचारायला शब्द मिळत नव्हते ते अगदी सहज तोंडातून आलं, "बाबांना दुखत होतं का?" आईने पळी पातेल्यात ठेवली. "असंच म्हणाले होते," ती म्हणाली, "अस्संच. हात आडवा धरला. नको, पुरे. छातीवर काहीतरी बसल्यासारखं झालंय म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, पोटात वारा धरला असेल, एवढंसं राहिलंय, कशाला ठेवायचं? तर हसले. म्हणाले, वाढ बाई, तू काही सोडायची नाहीस. आणि खाल्लं. सगळं." "सगळं?" "ताट पुसल्यासारखं. मग उठले, हात धुवायला गेले. नळ चालू झाला. मी भांडी आवरत होते. नळ चालूच. मी आतून ओरडले, अहो, बंद करा की, पाणी वाया जातंय. दोनदा ओरडले मी. दुसऱ्यांदा तर चिडून ओरडले."

त्याच्या डोळ्यांसमोर ते ताट आलं, भाताचा अर्धा ढीग, बोटांची खळगी. आणि ते ताट कुठेच नव्हतं. कधीच नव्हतं. ताटावरून उठून गेले, एवढंच आई म्हणाली होती. अर्ध्या हा शब्द त्याचा होता, अर्धा भात त्यानेच वाढला होता, सोळाव्या वर्षी, चपलांच्या ढिगातून वाट काढताना. आणि मग इतकी वर्षं तो ते न उरलेलं अन्न खात आला होता. त्याला हसू येईल असं वाटलं, आणि ते आलं नाही. समोर आई बसली होती, ऐंशीच्या घरातली, लहानखुरी, आणि इतकी वर्षं तिने हे एकटीने धरून ठेवलं होतं. मग पळी घेऊन उभी का राहायची ती? त्याला आता दिसलं. तो प्रत्येक वेळी खायचा आणि त्याला काही व्हायचं नाही. तो खाऊन उठायचा, हात धुवायचा, नळ बंद करायचा, आणि परत यायचा. रोज दोनदा तिला कोणीतरी सांगत होतं की वाढल्याने काही होत नसतं. तिला आणखी काय हवं होतं? त्याचा हात ताटावरून उचलला जायला लागला. खावं, असं त्याला मनापासून वाटलं. एवढंसं तर होतं. खाल्लं तर तिला आजच्यापुरतं तरी सुटल्यासारखं होईल, आणि नाही खाल्लं तर त्याचा अर्थ तिला एकच लागणार होता.

"आई, जेवणाने नाही गेले ते," तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "हृदयाचा झटका तो. आधीच आला होता. छातीवर बसल्यासारखं म्हणाले ना, तेव्हाच. ते दोन घास खाल्ले काय, न खाल्ले काय. डॉक्टरला विचार हवं तर. माझ्याबरोबर चल. मला बाबांचं नीट सांगता येत नाही, तू सांग." "मी सांगू? डॉक्टरांना?" "हो. त्यांना तेच हवंय. माझ्यासाठी." माझ्यासाठी म्हटल्यावर तिने त्याच्याकडे नीट बघितलं, चेहऱ्याकडे, मग शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे, आणि ती काय समजायचं ते समजली. ती म्हणाली, "घासाने काही होत नाही म्हणतोस. मग तू का नको म्हणालास?"

डॉक्टर, रक्तदाब, लोखंडी जिना, सव्वा माणूस, सगळं त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्यातलं काहीच खरं वाटेना. म्हणजे खरं होतं, पण मघाशी त्याने हात आडवा धरला तो त्यामुळे नाही. त्याने पुन्हा कान दिला, आत, पोटाकडे. तिथे अजून ते होतं. "पोट भरलं म्हणून," तो म्हणाला. "भूक नाही आता. एवढंच." आईला हे उत्तर नवीन होतं. ती ते तपासून बघत होती, बाजारात घेवड्याची शेंग मोडून बघावी तसं. त्याच्या कपाळावर घाम नव्हता. ओठ काळे पडले नव्हते. तो समोर बसला होता, नको म्हणाला होता, आणि तरीही बसला होता.

"बरं," ती म्हणाली. तिने पातेल्यावर ताटली झाकली. ताटली दोनदा वाजली. "राहू दे मग." तो उठायला लागला, उष्टा हात पुढे धरून, तेवढ्यात तिने टेबलावरून हात लांब करून त्याचं मनगट पकडलं. पकड म्हातारीची वाटत नव्हती.

"हात मग धू," ती म्हणाली. "माझं होईपर्यंत बस."

तो बसला. ती एकेक घास सावकाश चावत राहिली, आणि त्याच्या बोटांवरचा भात वाळत गेला.